पावलांचा हिशेब

रात्री निजण्यापूर्वी मोबाइल हाती घेऊन ‘आज किती पावले झाली?’ असे पाहणारी माणसे आता सर्वत्र आढळतात. आकडा नऊ हजारांवर अडला, की कित्येक जण गच्चीवर येरझाऱ्या घालून तो दहा हजारांवर नेतात. उलट, ज्यांचा आकडा चार हजारांपुढे सरकत नाही, ते ‘हे आपल्याला साधावयाचे नाही’ असे म्हणून मनगटावरचे यंत्र खणात टाकून देतात. दोघांचाही त्या आकड्यावर सारखाच विश्वास असतो. तो कितपत सार्थ आहे, हे ठरविण्यापूर्वी यंत्र मुळात काय मोजते, ते पाहिले पाहिजे.

यंत्र काय मोजते?

मनगटावरील पट्ट्यात किंवा मोबाइलमध्ये त्वरणमापक नावाचा सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म भाग असतो. त्यात एक चिमुकले वजन नाजूक स्प्रिंगांवर तोललेले असते. शरीराला हिसका बसला, की हे वजन किंचित मागे राहते. त्यामुळे त्याच्या कडेच्या पट्ट्यांमधील अंतर बदलते आणि त्या बदलाचे विद्युत्-संदेशात रूपांतर होते. झपझप चालणारा मनुष्य सेकंदाला सुमारे दोन पावले टाकतो. असे ठरावीक लयीचे हिसके ओळखून यंत्र त्यांची गणती करते.

म्हणजे यंत्राला पाऊल दिसत नाही. त्याला केवळ हिसका कळतो. बाळाची गाडी ढकलीत चालणाऱ्या आईचे हात स्थिर असतात, म्हणून तिची पुष्कळ पावले मनगटावरील यंत्राच्या हिशेबात येत नाहीत. मोबाइल मेजावर ठेवून घरभर वावरणाऱ्या गृहिणीचे तर एकही पाऊल त्यात नोंदले जात नाही. तथापि समतल वाटेवर नेहमीच्या गतीने चालणाऱ्याची मोजणी बहुधा व्यवहाराला पुरेशी असते.

नाडीचे ठोके मोजण्याची रीत निराळी आहे. यंत्राच्या पाठीमागून हिरवा प्रकाश त्वचेवर टाकला जातो. रक्त हा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातील रक्ताचे प्रमाण क्षणभर वाढते व परतणारा प्रकाश तेवढा मंदावतो. या चढउतारांवरून ठोक्यांची संख्या काढतात. पट्टा सैल असला किंवा हात जोराने हलत असला, तर ही संख्या चुकते.

उष्मांकांची गोष्ट मात्र वेगळी. व्यायामात किती उष्मांक खर्च झाले, हे यंत्र मोजीतच नाही; वय, वजन, उंची, हालचाल व नाडी यांवरून ते अंदाज बांधते. अचूक मापनासाठी श्वासातील प्राणवायू व कार्बन डायऑक्साइड यांचे मोजमाप घ्यावे लागते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ६० व्यक्तींवर अशी ७ यंत्रे पारखून पाहिली. त्यांपैकी ६ यंत्रांची नाडीमापनातील चूक ५ टक्क्यांहून कमी भरली. उष्मांकांच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगल्या यंत्राची सरासरी चूक २७ टक्के, तर सर्वांत वाईट यंत्राची ९३ टक्के निघाली. तेव्हा यंत्राने दाखविलेल्या उष्मांकांच्या भरवशावर जेवणात एक लाडू अधिक घेणे शहाणपणाचे नव्हे.

दहा हजारांचा उगम

आता दहा हजारांकडे वळू. १९६४ मध्ये टोकियो येथे ऑलिंपिक सामने झाले आणि जपानमध्ये व्यायामाविषयी उत्साह वाढला. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, तेथील एका घड्याळ कंपनीने कमरेला अडकविण्याचा पाऊलमापक विक्रीस आणला. त्याचे नाव होते ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा सुटसुटीत, लक्षात राहण्याजोगा. तो जगभर पसरला. परंतु माणसांची दीर्घकाळ पाहणी करून ठरविलेली आरोग्याची ती सीमारेषा नव्हती. तशा पाहण्या पुष्कळ नंतर झाल्या.

हार्वर्ड येथील आय-मिन ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी या दृष्टीने महत्त्वाची आहे. सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांची पावले यंत्राने मोजून पुढे सरासरी चार वर्षांहून अधिक काळ त्यांची माहिती ठेवण्यात आली. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांच्या मानाने सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. पावले वाढत गेली तशी ही घट वाढली. परंतु ७,५०० च्या सुमारास ती स्थिरावली. ज्या प्रकृतीने धडधाकट असतात त्याच अधिक चालतात, हीही शक्यता येथे ध्यानात ठेवावी लागते. अनेक देशांतील १५ पाहण्या एकत्र करून २०२२ मध्ये काढलेला निष्कर्षही याच दिशेचा आहे: साठीपुढील व्यक्तींना सहा ते आठ हजार पावलांपर्यंत आणि त्याहून तरुण व्यक्तींना आठ ते दहा हजारांपर्यंत लाभ वाढत जाताना दिसतो.

यावरून चार हजारांवर निराश झालेल्याला धीर यावयास हवा. अगदी कमी चालणाऱ्याने वाढविलेली हजार-दोन हजार पावलेच सर्वांत मोलाची ठरण्याचा संभव आहे.

यंत्रामुळे मनुष्य चालू लागतो काय?

याचे उत्तर दुहेरी आहे. २००७ मध्ये २६ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यातील काटेकोर तुलनात्मक प्रयोगांत, पाऊलमापक वापरणारे लोक न वापरणाऱ्यांपेक्षा दिवसाला सुमारे २,५०० पावले अधिक चालू लागल्याचे दिसले. ज्यांनी आपल्यापुढे निश्चित ध्येय ठेवले होते, त्यांचीच प्रगती उठून दिसली. याउलट, अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात स्थूल तरुण-तरुणींवर दोन वर्षे चाललेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहार व व्यायामाचे मार्गदर्शन दोन्ही गटांना मिळत होते. यंत्र बांधलेल्या गटाचे वजन सरासरी ३.५ किलो, तर यंत्र न दिलेल्या गटाचे ५.९ किलो उतरले! चालणे वाढविण्यास यंत्र साहाय्य करते. वजन उतरविण्याची हमी ते देत नाही.

मग या साधनाचा उपयोग कसा करावा? पहिला आठवडा आपला क्रम न बदलता केवळ नोंद ठेवावी. त्यातून स्वतःची खरी सरासरी कळेल. तीत प्रथम हजार पावलांची भर घालावी. ती अंगवळणी पडली, की आणखी हजारांची. शेजाऱ्याच्या आकड्याशी स्पर्धा करू नये, कारण त्याचे यंत्र निराळे आणि शरीरही निराळे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग मध्यम श्रमाचा समजावा. तो ओळखण्यास कोणत्याही यंत्राची गरज नाही. छातीत दुखले किंवा भोवळ आली, तर पडद्यावरील आकडे न पाहता थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

तराजू धान्य तोलतो, पिकवीत नाही. मनगटावरील यंत्राचेही तसेच आहे. ज्याच्यापाशी असे यंत्र नाही, त्याने रोज अर्धा तास झपझप चालावे. त्याच्या हृदयाला तेवढाच लाभ होईल.