तंजावरच्या सोन्याचा उठाव

तंजावरची चित्रशैली नायक राजांच्या काळात रुजली आणि भोसल्यांच्या आश्रयाने बहरली. दुसरे सरफोजीराजे (1798 ते 1832) तर तिचे मोठे पोशिंदे. आज तीच शैली पेंडंट, तबकं, दागिन्यांचे डबे आणि दिवाणखान्यातल्या भिंतींवर दिसते.

या चित्राचं सगळं मर्म त्याच्या उठावात आहे. पूर्वी फणसाच्या लाकडाची फळी घेत, आता बहुधा प्लायवूड. तिच्यावर कापड चिकटवतात, खडूच्या पुडीचे थर देतात आणि चित्राची रेघ आखून घेतात. मग खडूची पूड डिंकात कालवून दागिने, प्रभावळ, महिरप भरतात, अगदी हाताला लागेल इतकी उंच. त्यात काचेचे खडे बसवायचे, वरून सोन्याचा वर्ख दाबायचा आणि रंग शेवटी. देवघरातल्या समईच्या मंद उजेडात बाळकृष्ण उजळून निघतो तो या चढउतारांमुळे.

म्हणूनच आजच्या डिझायनरने इथून नुसता सोनेरी रंग उचलला तर हाती काही लागत नाही. छापील चित्रावर चमकी लावलेल्या वस्तू मला निर्जीव वाटतात. याउलट, देवाची मूर्ती वगळून केवळ महिरप किंवा मोर खऱ्या उठावात घडवलेली छोटी चौकट आधुनिक, रिकाम्या भिंतीवरही शोभते. अस्सल चित्रांना 2007-08 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. घेताना चित्र तिरपं धरून पाहावं. उठावाची सावली लगेच दिसते.