मूर्ती, माती आणि पाणी

कला आणि पर्यावरण यांचा विषय निघाला की निसर्गचित्रे किंवा वृक्षारोपणाची भित्तिपत्रके आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण नागपूरकरास या विषयाचा खरा धडा हवा असेल, तर त्याने महालातील चितार ओळीत जावे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या गणपती घडविले जातात. मूर्तिकाराचे काम रंग वाळला की संपले, असे आपण समजतो. आमच्या मते ते विसर्जनानंतर, तळ्याच्या तळाशी संपते.

मातीची मूर्ती भाजलेली नसते, नुसती वाळविलेली असते. म्हणून पाण्यात ती विरून जाते. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम तापवून केलेली पूड. तीत पाणी मिसळले की ती पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते आणि मग विरघळावयास फार वेळ घेते. वर रासायनिक रंग असतात ते निराळेच. फुटाळा, सक्करदरा, गांधीसागर ही तळी आहेत, वाहत्या नद्या नव्हेत. त्यांत पडलेला गाळ बहुतांशी तेथेच साचतो.

म्हणून मूर्तिकारास दोष देऊन मोकळे होणे बरे नव्हे. मातीची मूर्ती जड, पावसाळ्यात लवकर न वाळणारी आणि नेताना तडकणारी. प्लास्टरची हलकी व साच्यातून झटपट निघणारी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणाऱ्या सूचना काढल्या खऱ्या, पण मनाईने कोणाच्या घरची चूल पेटत नाही.

येथे कलेने शास्त्राचा हात धरावयास हवा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात प्लास्टरची मूर्ती विरघळविण्याची रीत दाखविली आहे. त्यातून खताच्या उपयोगी अमोनियम सल्फेट मिळते व खाली खडूसारखा चुना उरतो. पाण्याचा अभ्यास करणारी नीरी ही संस्था तर १९५८ पासून नागपुरातच आहे. मूर्तिकार, रसायनज्ञ आणि विसर्जनाचे हौद बांधणारा पालिकेचा अभियंता एकत्र बसले, तर मूर्तीचा शेवटही तिच्या घडणीइतकाच विचारपूर्वक होईल.

पण या बैठकीत चौथे आसन आपले आहे. मूर्ती मोठी हवी, स्वस्त हवी आणि तळेही निर्मळ हवे, असे एका दमात मागणारे आपणच. तेव्हा मूर्ती मातीची घ्यावी, वीतभर लहान घ्यावी आणि तिचे दाम घासाघीस न करता मोजावे. चितार ओळीतील हात मातीत राहावेत असे वाटत असेल, तर एवढे आपल्याला केलेच पाहिजे.