अजिंठ्याचे एकोणतिसावे लेणे आणि शाळेतले कपाट

शहराजवळच्या एका शाळेत विज्ञानदिनाच्या निमित्ताने गेलो होतो. बोलणे संपल्यावर चौथीतल्या एका मुलीने विचारले, "सर, फुलपाखरांचं पुस्तक आहे का इथे?" बाईंनी ग्रंथालयाचे कपाट उघडून दिले. मुलगी बराच वेळ पुस्तकांवरून नजर फिरवत राहिली आणि घंटा होताच रिकाम्या हाताने वर्गात गेली. पुस्तक कपाटात होते. नंतर मलाच ते सापडले, एक व्याकरण आणि एक चरित्र यांच्या मध्ये. मुले वाचत नाहीत अशी तक्रार आपण करतो, तेव्हा ही मुलगीही त्यांत धरली जाते.

ते कपाट बेशिस्त मुळीच नव्हते. पुस्तके दाखल नोंदवहीतल्या क्रमांकाने ओळीत लावलेली होती. पण दाखल क्रमांक पुस्तक केव्हा आले एवढेच सांगतो. ते कशाविषयी आहे हे सांगत नाही. हिशेबासाठी तो हवाच, शोधण्यासाठी मात्र निरुपयोगी.

आपल्याकडची मुले सहलीला वेरूळ-अजिंठ्याला जातातच. वेरूळला १ ते १२ लेणी बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. क्रमांक ऐकला की लेणे कोणत्या गटातले आणि साधारण कुठे, दोन्ही कळते. अजिंठ्याला क्रमांक देऊन झाल्यावर आणखी काही लेणी ध्यानात आली. एकाला १५अ म्हटले, म्हणून ते आपल्या जागी राहिले. दुसऱ्याला २९ हा क्रमांक मिळाला. पण ते २८ च्या शेजारी नाही, २० आणि २१ यांच्या मध्ये उंचावर आहे. दाखल क्रमांकाने लावलेले कपाट म्हणजे सगळी एकोणतिसावीच लेणी!

मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली जी दशांश पद्धत मांडली, ती १५अ च्या जातीची आहे. ५०० विज्ञान, ५९० प्राणी, ५९८ पक्षी, ५९९ सस्तन प्राणी. कोणत्याही दोन संख्यांमध्ये दशांशाने नवी जागा काढता येते, त्यामुळे नवे पुस्तक आले तरी जुन्यांचे क्रमांक बदलत नाहीत. आपल्याकडे हे काम पुढे नेणारे शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांपैकी एक वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे. हा वेळ किती? हजार पुस्तके विस्कळीत असतील तर हवे ते सापडेपर्यंत सरासरी पाचशे पाहावी लागतील. क्रमाने असतील आणि दर वेळी मधले पुस्तक पाहून अर्धा भाग सोडला, तर दहा वेळा पाहणे पुरते, कारण दहा वेळा दुप्पट केले की १०२४ होतात.

लहान मुलांना मात्र ही पद्धत जशीच्या तशी देऊ नये. फुलपाखरे ५९५.७८९ वर आणि मुंग्या-मधमाश्यांचा गट ५९५.७९ वर येतो. दशांश न शिकलेले मूल ७८९ मोठे समजून फुलपाखरे मुंग्यांच्या पुढे ठेवील. त्यात त्याची चूक नाही. चौथीपर्यंत बिंदूपुढचे आकडे गाळावेत, प्रत्येक गटाला एक रंग द्यावा आणि फळीवर पक्ष्याचे, ताऱ्याचे चित्र चिकटवावे.

अक्षरक्रमातही असाच खड्डा आहे. मुले क्ष आणि ज्ञ वर्णमालेच्या शेवटी म्हणतात. काही शब्दकोशांत मात्र 'क्षेत्र' क मध्ये आणि 'ज्ञान' ज मध्ये सापडते. शाळेने यांपैकी एक रीत ठरवून कपाटाच्या दारावर लिहून टाकावी. कोणती, याला फारसे महत्त्व नाही.

मुलांनी पुस्तक स्वतः फळीवर परत ठेवू नये, टोपलीत टाकावे. चुकीच्या जागी गेलेले पुस्तक हरवल्यासारखेच असते. टोपलीतली पुस्तके जागेवर लावायला आठवड्याला दोन मुले नेमावीत. गणिताचा सरावही होतो. दाखल क्रमांक आतल्या पानावर शिक्क्याजवळ राहू द्यावा. रंगीत चिठ्ठी कण्यावर, तळापासून दोन बोटे वर, सगळ्या पुस्तकांना एकाच उंचीवर लावावी, म्हणजे पहिलीतल्या मुलालाही ओळीतला वेगळा रंग लांबूनच दिसेल.