अणुवीज: चूल कशी, खर्च कोणाचा?

पालघर जिल्ह्यातलं तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं. तिथं वीज कशी होते आणि तिला पैसे कुठून येतात, ते आज बघू.

कोळशाच्या केंद्रात कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते आणि वाफेच्या जोरावर चक्र फिरून वीज होते. अणुकेंद्रातही चक्र वाफच फिरवते. फरक चुलीत आहे. इथं जाळ नाही, धूर नाही. युरेनियमचे अणू फुटतात, त्यातून उष्णता निघते. वापरलेली वाफ थंड करायला भरपूर पाणी लागतं. तारापूरला ते समुद्राचं मिळतं.

गॅस बंद केला की आच थांबते. अणुभट्टीचं तसं नाही. ती बंद केली तरी आतलं इंधन बरेच दिवस तापत राहतं, त्यावर पाणी खेळतं ठेवावंच लागतं. जपानात फुकुशिमाला २०११ साली भूकंप होताच भट्ट्या बंद झाल्या होत्या. पण भूकंपानं बाहेरची वीज गेली, त्सुनामीनं जनरेटर बुडवले, आणि तीन भट्ट्यांतलं इंधन वितळलं. म्हणून सुरक्षेच्या खर्चात काटकसर चालत नाही.

आता पैशांचं. तारापूरचे पहिले दोन संच अमेरिकेच्या कर्जातून उभे राहिले. पुढचे ५४० मेगावॅटचे दोन संच सरकारी मालकीच्या अणुऊर्जा महामंडळानं बांधले. अशा प्रकल्पात साधारणपणे १०० रुपयांतले ७० कर्जाचे, ३० भांडवलाचे असतात. भांडवलात महामंडळाची कमाई असते, तसे सरकारचे, म्हणजे आपल्या करांचेही पैसे असतात. इंधनापेक्षा बांधकामाचा खर्च फार मोठा. घराचं काम रखडलं की कर्जाचं व्याज चढतं, तसंच इथं. ते व्याज शेवटी विजेच्या दरात येतं. हा दर केंद्र सरकारचा अणुऊर्जा विभाग ठरवतो. पुढं कधी केंद्र कायमचं बंद करायचं, तर त्यासाठी युनिटमागे २ पैसेही दरातूनच बाजूला काढले जातात.

पण एक किंमत बिलात दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. घराचा, जमिनीचा हिशेब कागदावर होतो. त्यातही सातबारावर नाव बहुधा पुरुषाचंच. मासळी सुकवून, विकून घर चालवणाऱ्या बाईची कमाई कोणत्या रकान्यात मांडायची?

जैतापूरला नवं केंद्र करायचं ठरलेलं आहे. असा प्रकल्प गावाजवळ येणार असेल, तर ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. खर्च किती? उशीर झाला तर भार कोणावर? आणि बाईच्या कमाईची भरपाई कशी? उत्तर लेखी मागा.