हंड्यांची वही

गोरेगाव पूर्वेच्या टेकडीवर पाणी पहाटे येतं. येतं म्हणजे कोणीतरी सोडावं लागतं. महापालिकेचा चावीवाला खालच्या रस्त्यावर येतो, गटाराशेजारचं झाकण पहारीने उचलतो आणि छातीएवढी उंच, टोकाला आडवी मूठ असलेली लोखंडी चावी आत बसवून आटे मोजत फिरवतो. एखाददुसरा आटा कमी पडला, की खालच्या चाळींना पाणी आणि वरच्या गल्लीला नुसती हवा. वरच्या नळांतून ती हवा आधी फुसफुसत बाहेर पडते. मग तांबूस, मातकट पाणी. ते गटारात सोडून द्यायचं, आणि धार पांढरी झाली की पाइप पिंपात. सगळ्यांत आधी प्यायचा हंडा भरायचा, धुण्याभांड्याचं नंतर. पाणी कधी जाईल याचा भरवसा नसतो.

मृणाल गोरे यांच्यावर लिहायचं ठरल्यावर मी इथेच येऊन उभी राहिले. त्यांचं राजकारण अशाच नळांवर सुरू झालं. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या होत्या. १९५७ मध्ये गोरेगाव बृहन्मुंबईत आलं. पुढच्याच वर्षी त्यांचे पती केशव ऊर्फ बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी होती. १९६१ मध्ये त्या महापालिकेवर निवडून आल्या.

त्या काळच्या गोरेगावात कारखाने वाढत होते, कामाला येणारी माणसं वाढत होती आणि ती मिळेल त्या जागी झोपडं बांधत होती. झोपडं अनधिकृत, म्हणून त्याला नळ नाही, असा कारभाराचा सरळ हिशेब. जमिनीची मालकी आणि पिण्याचं पाणी या दोन प्रश्नांची ही गाठ मृणालताईंनी सोडवायला घेतली. जमिनीचं काय व्हायचं ते होवो, पाणी आज लागतं, अशी ती भूमिका. रिकामे हंडे घेऊन बायका महापालिकेवर धडकल्या, तेव्हा सभागृहात बोलणारी नगरसेविका मोर्चातही पुढे होती. ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यातून पडलं. पुढे १९७२ चे महागाईविरोधातले लाटणं मोर्चे, आमदारकी, आणीबाणीतला तुरुंगवास, १९७७ ची खासदारकी, हे सगळं मोठंच आहे. तरी मला त्यांची नगरसेवकपदाची वर्षं जास्त मोलाची वाटतात. पुढची सगळी विश्वासार्हता त्यांनी तिथे कमावली.

मोर्चाचे फोटो छापून येतात, अर्जाचे येत नाहीत. टेकडीवरच्या या वस्तीत नळ ‘गटाचा’ असतो. शेजारची काही कुटुंबं मिळून एक जोडणी घेतात आणि आपल्यातल्या एकाला सेक्रेटरी करतात. इथली सेक्रेटरी चाळिशीतली बाई आहे, घरकामं करते. तिने प्लास्टिकची फाइल माझ्यापुढे उघडली. कुटुंबांची यादी, सह्या, दोन ठिकाणी अंगठे, रेशनकार्डांच्या झेरॉक्स, लाइटची बिलं, परवानाधारक प्लंबरने काढलेला नकाशा, रस्ता खोदाईचे पैसे भरल्याची पावती. नळ लागल्यावरही काम संपत नाही. बिल गटाच्या नावाने येतं, ते कुटुंबांत वाटायचं. एकाने पैसे थकवले की सगळ्यांचं पाणी धोक्यात. ती दारोदार जाऊन मागते, शिव्याही खाते.

फाइलच्या तळाशी एक शाळकरी वही होती. रोज पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं आणि मधल्या वेळेत एक हंडा भरायला किती मिनिटं लागली, एवढीच नोंद. उभ्या रेघा तिच्या मुलीने आखून दिलेल्या. जलकामे खात्यात ‘दाब पुरेसा आहे’ असं उत्तर मिळालं, की ती ही वही टेबलावर ठेवते. मृणालताईंची शिस्त मला या वहीत दिसली. प्रश्नाचा अभ्यास आधी, आवाज नंतर, आणि दोन्हींत ज्यांना त्रास आहे तीच माणसं पुढे.

नियम मात्र फार सावकाश बदलले. अनेक वर्षं महापालिकेच्या हिशेबात इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५. पुढे १९९५ नंतरच्या झोपड्यांना अधिकृत पाणीच नाही, असं धोरण आलं. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं, की झोपडं बेकायदा आहे म्हणून माणसाचं पाणी तोडता येत नाही. ते जगण्याच्या हक्कात येतं. महापालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण यायला २०२२ उजाडलं. मृणालताई जुलै २०१२ मध्ये गेल्या. अर्ध्या शतकापूर्वी ज्या मुद्द्यावर त्या भांडल्या, त्यावरचा हा निकाल त्यांना पाहायला मिळाला नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

गोरेगावात त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. दिंडोशीला नागरी निवारा परिषदेची घरं आहेत. कमाल जमीन धारणा कायद्याखालची जमीन सामान्यांना मिळावी म्हणून त्या आणि त्यांचे सहकारी न्यायालयात लढले, त्यातून ही घरं उभी राहिली. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा राज्याचा कायदा १९८८ मध्ये झाला, त्यामागेही त्यांनी विधानसभेत धरलेला आग्रह होता.

मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि महापालिका दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती गेली. नेमक्या त्याच काळात टेकडीवरचं पाणी कमी झालं. जायचं कोणाकडे? सेक्रेटरीने वहीच्या पानांच्या झेरॉक्स काढल्या, गल्लीतल्या बायकांना बरोबर घेतलं आणि थेट अभियंत्याला गाठलं. ‘साहेब, पहाटे या. हंडा मी भरते, घड्याळ तुम्ही बघा,’ असं ती म्हणाली. ते आले. गल्लीच्या तोंडाशी खोदून पाहिलं, तर मधला व्हॉल्व्ह गंजून अर्ध्यावर अडकलेला. तो बदलल्यावर वरच्या गल्लीला वीस मिनिटं सलग पाणी मिळू लागलं. आता पाऊण तासाच्या मागणीचा अर्ज तयार आहे. सह्या घ्यायचं काम चालू आहे.