हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना नेमकं कोणतं इंग्रजी हवंय?

हॉटेल मॅनेजमेंट शिकणाऱ्या मुलामुलींशी इंग्रजीबद्दल बोललं की लगेच कळतं, त्यांना व्याकरणाची फारशी धास्ती नसते. धास्ती असते ती समोरच्याचं बोलणं न समजण्याची. फोनवर तर जास्तच, कारण तिथे चेहरा दिसत नाही.

फ्रंट ऑफिसला ट्रेनिंग केलेली मुलं सांगतात, 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' घाईत सारखंच ऐकू येतं. म्हणून खोली ४१५ असेल तर 'फोर, वन, फाइव्ह' असा एकेक आकडा उच्चारून खात्री करून घ्यायची. नावाचं स्पेलिंग 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' पद्धतीने. ही सवय रोज बोलूनच लागते.

किचनकडे वळणाऱ्यांपैकी काहींचं म्हणणं, हाताला चव असली की झालं, इंग्रजी कशाला? मला हे अजिबात पटत नाही. पाहुण्याने शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सांगितली आणि ती केओटीवर, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, नीट उतरली नाही, तर जिवावर बेतू शकतं.

क्रूझवर जायचं स्वप्न असलेले मात्र आधीच तयारीला लागतात. अनेक क्रूझ कंपन्या मार्लिन्सची इंग्रजी चाचणी मागतात, त्यात ऐकून समजण्याचेही प्रश्न असतात. आयएचएम या हॉटेल मॅनेजमेंट संस्थांच्या प्रवेशासाठीच्या एनसीएचएम जेईई परीक्षेतसुद्धा इंग्रजीचा वेगळा विभाग आहे.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी एक कराच: मित्राकडे पाठ करून बसा आणि फोनवरच्या बुकिंगचा सराव करा. तारीख, खोलीचा प्रकार, नाव, नंबर. आणि फोन ठेवण्याआधी सगळं पुन्हा वाचून दाखवा.