सिंहाच्या शिकारीचा हिशेब

आफ्रिकेतल्या अनेक देशांत सरकारी परवाना घेऊन आणि घसघशीत शुल्क भरून मोकळ्या रानातला सिंह मारणे आजही कायदेशीर आहे. टांझानिया, झांबिया, झिम्बाब्वे आणि मोझांबिक हे त्यांतले ठळक देश. शिकारी बहुतेक अमेरिका-युरोपातून येतात आणि सिंहाचे कातडे, कवटी किंवा पेंढा भरलेला देह घरी नेतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेच्या शिकारीचा मार्ग बंद झाला, त्यामुळे मराठी वाचकाला हा प्रकार ऐकूनच संताप येतो. तो रास्तही आहे. पण आफ्रिकेतले बहुतेक सिंह परवान्याच्या गोळीने मरत नाहीत. कुणी तारेच्या फासात अडकतो, कुणी विष घातलेले मांस खातो, कुणी गुराख्यांच्या भाल्यांनी मारला जातो, तर कुठे हरणेच संपल्यामुळे कळप खंगत जातो. एकेकाळी सिंह जिथे वावरत होते त्यातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रदेशातून ते नाहीसे झाले आहेत. उरलेल्यांची संख्या साधारण २० ते २५ हजार मानली जाते.

या शिकारीच्या इतिहासाचा एक धागा भारताशी जोडलेला आहे. १८९८ मध्ये इंग्रज सरकार युगांडा रेल्वे बांधत होते आणि त्या कामावर हजारो भारतीय मजूर होते. केनियातल्या त्सावो नदीवर पूल बांधायचे काम चालू असताना दोन नर सिंह रात्री तंबूंत शिरून माणसे ओढून नेऊ लागले. पुलाच्या कामाचे प्रमुख जॉन हेन्री पॅटरसन यांनी त्या डिसेंबरमध्ये दोघांनाही मारले. मरण पावलेले २८ भारतीय मजूर त्यांनी नोंदवले; मेलेल्या आफ्रिकी माणसांची मात्र कोणी धड मोजदादही ठेवली नव्हती. पुढे १३५ बळींचा आकडा प्रसिद्ध झाला. २००९ मध्ये त्या सिंहांच्या हाडा-केसांच्या रासायनिक तपासणीवरून शास्त्रज्ञांनी सुमारे ३५ माणसे खाल्ली गेल्याचा अंदाज काढला. दोन्ही सिंह आज शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहेत.

पॅटरसन यांची शिकार गरजेची होती. १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट संग्रहालयासाठी नमुने गोळा करायला आले, तेव्हा त्यांनी आणि त्यांचा मुलगा कर्मिट याने मिळून ५१२ प्राणी मारले. त्यांत १७ सिंह होते. श्रीमंत पाहुणा, सोबत गोरा व्यावसायिक शिकारी, पुढे माग काढणारे आणि मागे ओझी वाहणारे आफ्रिकी लोक, असा सफारीचा जो साचा त्या काळात घट्ट झाला, तो थोड्याफार फरकाने अजून टिकून आहे.

प्रत्यक्ष शिकारीचा बराचसा वेळ वाट पाहण्यात जातो. दाट झाडीच्या मुलखात आमिष लावतात. झेब्रा किंवा रानम्हैस मारून तिची तंगडी साखळीने झाडाला बांधतात, ती तरसांना पोचणार नाही इतक्या उंचीवर. कोथळा जमिनीवरून फरफटत नेऊन वास पसरवतात. रोज सकाळी जाऊन खोडावरचे ओरखडे, सालीत अडकलेले आयाळीचे केस आणि मातीतले ठसे पाहतात. नर येऊन गेल्याची खात्री पटली, की गवताचा आडोसा करून त्यात पहाटेच्या अंधारात शिरायचे आणि खोकलाही दाबून बसायचे. कालाहारीच्या वाळूत पद्धत वेगळी असते. तिथे सान जमातीचे वाटाडे ताजा माग धरून तासन्‌तास चालतात. वाकलेल्या गवतावरून आणि ठशाच्या कडेवरून सिंह किती पुढे आहे हे ते सांगतात. या सगळ्यात खरे कौशल्य त्यांचे असते, पण भिंतीवरच्या कवटीखाली त्यांचे नाव क्वचितच लागते.

शिकाऱ्यांच्या आठवणींत सर्वांत जास्त जागा जखमी सिंहाने व्यापलेली असते. पहिली गोळी नेमकी बसली नाही तर सिंह उंच गवतात शिरतो आणि जमिनीला चिकटून पडून राहतो. आयाळीसकट एवढे मोठे जनावर पंधरा पावलांवरून दिसत नाही. त्याला तसेच सोडून देणे शिकारीच्या रिवाजात बसत नाही, कारण तो तडफडत राहतो आणि वाटेने येणाऱ्या कोणालाही फाडू शकतो. म्हणून व्यावसायिक शिकाऱ्याला गवतात उतरावेच लागते. घशातली गुरगुर आणि शेपटीचे फटकारे एवढीच पूर्वसूचना मिळते. त्यानंतर सिंह जमिनीलगत झेपावत येतो आणि शंभर मीटरचे अंतर पाच-सहा सेकंदांत कापतो. अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या फ्रान्सिस मॅकोम्बरच्या १९३६ मधील कथेचा गाभा हाच प्रसंग आहे: सिंह जखमी करून ऐन वेळी पळ काढणारा धनिक आणि त्यानंतरची त्याची लाज.

अशा रिवाजांतूनच शिकाऱ्यांची आचारसंहिता तयार झाली. रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये अमेरिकेत स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने जनावराला निसटायची संधी देणारी शिकारच सच्ची, हे तत्त्व रुजवले. गाडीतून गोळी झाडू नये, पिल्लांजवळच्या मादीला हात लावू नये, जखमी जनावर सोडून जाऊ नये हे नियम त्याच परंपरेतले. ते प्रामाणिकपणे पाळणारे शिकारी आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण या संहितेत दोघेच आहेत, शिकारी आणि त्याच्यासमोरचे जनावर. सिंह मात्र एकट्याने जगणारा प्राणी नाही.

सिंहांच्या कळपाचा कणा म्हणजे एकमेकींच्या नात्यातल्या माद्या. दोन-तीन नर जूट करून कळप ताब्यात घेतात आणि साधारण दोन-तीन वर्षे तो सांभाळतात. त्यांना हुसकावून नवे नर आले, की ते लहान बछड्यांना मारतात. पिल्ले गेली की माद्या लवकर माजावर येतात आणि नव्या नरांचा वंश सुरू होतो. म्हणून कळपाचा राखणदार नर गोळीला बळी पडला, की त्याच्यामागे त्याचे बछडेही जाण्याची भीती असते. झिम्बाब्वेच्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ ते २००४ या काळात ६२ सिंहांना खुणेच्या पट्ट्या लावल्या. त्यांतले ३४ मेले आणि त्या ३४ पैकी २४ परवानाधारक शिकाऱ्यांनी मारले. खूण केलेल्या प्रौढ नरांपैकी ७२ टक्के असे गेले. उद्यानाच्या सीमेबाहेर नर मारला गेला, की मोकळ्या झालेल्या जागेकडे आतला नर सरकायचा आणि तोही बंदुकीच्या टप्प्यात यायचा.

यावर तोडगा शास्त्रज्ञांनीच सुचवला. टांझानियात अनेक वर्षे सिंहांवर काम केलेले क्रेग पॅकर आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये गणिताने दाखवले, की सहा वर्षांखालच्या नराला हात लावला नाही तर सिंहांच्या एकूण संख्येला फारसा धक्का बसत नाही. त्या वयापर्यंत नराची पिल्लांची एक पिढी वाढून निघालेली असते. वय ओळखायची खूणही त्यांनी दिली: बछड्याचे नाक गुलाबी असते आणि वयाबरोबर त्यावर काळे ठिपके वाढत जातात. मोझांबिकच्या नियासा अभयारण्यात २००६ पासून आणि टांझानियात २०१० पासून सहा वर्षांचा नियम लागू झाला. नियम चांगला आहे, त्याची अंमलबजावणी अवघड आहे. पहाटेच्या अंधुक उजेडात, आडोशाच्या फटीतून, तीन आठवड्यांच्या सफारीचे शेवटचे दिवस उरलेले असताना आणि शेजारी पैसे मोजलेला पाहुणा बसलेला असताना, सिंह साडेचार वर्षांचा दिसतो म्हणून बंदूक खाली ठेवायला मोठा निग्रह लागतो. पॅकर यांच्याच २०११ च्या अभ्यासात टांझानियात जिथे शिकारीचे प्रमाण सर्वांत जास्त होते, तिथेच हाती लागणाऱ्या सिंहांची संख्या सर्वांत वेगाने घसरलेली आढळली.

जुलै २०१५ मध्ये ह्वांगेजवळ मारला गेलेला सेसिल वयाच्या कसोटीला उतरत होता. तो सुमारे १३ वर्षांचा होता. त्याच्या गळ्यात संशोधकांची पट्टी होती आणि उद्यानात येणाऱ्या पर्यटकांचा तो आवडता होता. एका अमेरिकी दंतवैद्याने उद्यानाबाहेर आमिषाजवळ रात्री त्याला बाण मारला. सेसिल त्यानंतर कित्येक तास जखमी अवस्थेत जिवंत होता, असे संशोधकांनी नोंदवले आहे. बाणाने शिकार करण्याच्या हौसेपायी एखाद्या जिवाला इतका वेळ तडफडायला लावणे क्रौर्यच आहे. परवान्याच्या कागदाने ते धुतले जात नाही. अमेरिकी शिकाऱ्यावर खटला झाला नाही आणि स्थानिक मार्गदर्शकावरचे आरोप २०१६ मध्ये रद्द झाले. सेसिलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी त्याचा मुलगा झांडाही त्याच परिसरात, कायदेशीरपणे, मारला गेला.

सेसिलसाठी जगभर शोक चालू असताना अमेरिकेत शिकणाऱ्या एका झिम्बाब्वेच्या विद्यार्थ्याने वर्तमानपत्रात लिहिले, की आपल्या गावात सिंह ही प्रेमाने नाव ठेवायची गोष्ट नव्हती, ती दहशत होती. त्याचे म्हणणे समजून घ्यायला टांझानियाच्या दक्षिण भागाकडे पाहावे. १९९० ते २००४ या काळात त्या देशात सिंहांनी किमान ५६३ माणसे मारली. बहुतेक हल्ले सुगीच्या दिवसांत झाले. रानडुकरे पिकात घुसतात म्हणून शेतकरी कुटुंबे रात्री शेतातच तकलादू झोपडीत राखणीला झोपतात आणि डुकरांच्या मागावर आलेला सिंह माणसापर्यंत पोचतो. कोकणात किंवा विदर्भात डुकरांपासून पीक राखायला माळ्यावर रात्री काढणाऱ्या शेतकऱ्याला यातली अगतिकता वेगळी सांगावी लागणार नाही.

केनिया आणि टांझानियाच्या मासाई मुलखात सिंहाशी वैर गुरांवरून होते. तरुण योद्ध्यांनी भाल्याने सिंह मारण्याची प्रथा तिथे जुनी आहे. पहिला भाला मारणाऱ्याला मान मिळे, गाव त्याची गाणी गाई. पुढे भाल्याच्या जोडीला कार्बोफ्युरान हे कीटकनाशक आले. मेलेल्या गाईवर ते टाकले, की एका रात्रीत अख्खा कळप संपतो आणि त्याबरोबर तरस आणि गिधाडेही. या मरणाला ना परवाना लागतो, ना त्याची कुठे नोंद होते. केनियातल्या अंबोसेली परिसरात लीला हज्जा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘लायन गार्डियन्स’ सुरू केले. पूर्वी सिंह मारणाऱ्या तरुणांनाच त्यांनी पगारावर घेतले. ते सिंहांचा माग ठेवतात, त्यांना मासाई नावे देतात, कळप जवळ आला की गुराख्यांना सावध करतात, चुकलेली गुरे शोधतात आणि गोठ्याभोवतीचे काटेरी कुंपण डागडुजीने पक्के करतात. शौर्याचा मान तोच राहिला आणि त्या भागात सिंह मारण्याचे प्रकार झपाट्याने कमी झाले. शिकारीवर चाललेल्या सगळ्या वादांत या कामाची दखल फार थोडी घेतली जाते.

शिकारीच्या समर्थकांचा सर्वांत वजनदार मुद्दा जमिनीचा आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडे शिकारीसाठी राखलेले क्षेत्र सुमारे १४ लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे भारताच्या क्षेत्रफळाच्या ४० टक्क्यांहून जास्त. त्यातला बराच भाग उष्ण, सपाट झुडपांचा आणि त्से-त्से माश्यांनी भरलेला. तिथे कॅमेरा घेऊन पर्यटक सहसा जात नाहीत. शिकारीचा पैसा थांबला तर तिथे नांगर, गुरे आणि फासे येतील ही भीती खरी आहे. मोझांबिकमध्ये झांबेझीच्या मुखाजवळच्या शिकार क्षेत्रात २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून २४ सिंह आणून सोडले गेले. अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे सिंहांचे क्षेत्र नीट राखायला दर चौरस किलोमीटरला वर्षाला एक ते दोन हजार डॉलर लागतात. शिकारीतून इतके उत्पन्न बहुतेक ठिकाणी येत नाही, आणि जे येते त्यातला गावापर्यंत पोचणारा वाटा अनेकदा तुटपुंजा असतो. टांझानियात कितीतरी शिकार क्षेत्रे परवडत नाहीत म्हणून कंपन्यांनी सरकारला परत केली.

दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात पैदास केलेल्या सिंहांच्या शिकारीला असा कुठलाच आधार नाही. तिथे काही हजार सिंह कुंपणाआड वाढवले जातात. बछडे जन्मल्यावर थोड्याच दिवसांत आईपासून तोडतात, म्हणजे ती लवकर पुन्हा वितेल. बछड्यांना कुशीत घेऊन फोटो काढायला पर्यटक पैसे देतात. मोठा झालेला नर बंदिस्त रानात सोडून, माणसाची भीती मेलेली असताना, गोळी घालून मारला जातो. हाडे आशियाच्या औषधबाजारात जातात. २०१७ मध्ये सरकारने ८०० सांगाड्यांच्या निर्यातीला परवानगी दिली होती. १९९७ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीने हा प्रकार उघडकीस आणला, तरी धंदा वाढतच गेला. २०२१ मध्ये पर्यावरणमंत्री बार्बरा क्रीसी यांनी ही पैदास बंद करण्याचे धोरण जाहीर केले.

बंदीचे अनुभवही सरळ नाहीत. केनियाने १९७७ मध्येच शिकार बंद केली, तरी त्यानंतरच्या चार दशकांत तिथल्या माळरानांवरचे वन्यप्राणी सुमारे ६८ टक्क्यांनी घटले, कारण वस्ती, कुंपणे आणि गुरे वाढत राहिली. बोत्स्वानाने २०१४ मध्ये बंदी घातली आणि २०१९ मध्ये उठवली. ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स यांनी २०१५ मध्ये सिंहाची कातडी-कवट्या आणण्यावर बंदी घातली. त्याच वर्षअखेरीस अमेरिकेने आफ्रिकी सिंहाला आपल्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली घेऊन आयातीचे नियम कडक केले.

शिकारीविना जमीन राखायची एक पद्धत केनियातच मसाई माराच्या सीमेवर चालते. मासाई कुटुंबे आपल्या जमिनी एकत्र करून पर्यटन कंपन्यांना भाड्याने देतात. भाडे दर महिन्याला कुटुंबाच्या हाती येते आणि त्या बदल्यात गुरे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या भागातच चरतात. नाबोइशोसारख्या अशा राखीव क्षेत्रांत सिंहांची दाटी आफ्रिकेतल्या सर्वांत जास्त दाटींपैकी आहे. २०२० मध्ये करोनाने विमाने थांबली, पाहुणे येईनासे झाले आणि या भाड्याचा मुख्य स्रोतच आटला. मारासारखे मोकळे गवताळ माळ आणि जवळची धावपट्टी मात्र आफ्रिकेतल्या थोड्याच सिंहांच्या वाट्याला आली आहे.